चतुःसीमा

या खुंट्या गेल्या ऑक्टोबरात मीच रोवल्या होत्या.
एकशे बारा. प्रत्येकीला गुलाबी फीत.
पोर्टलंडचा बिल्डर, अठ्ठावीस प्लॉट,
मधून वळणारा रस्ता, आणि रस्त्याचं नावही ठरलेलं:
कुरण मार्ग.
कुरण काढायचं आणि पाटीवर ठेवायचं,
आमच्या धंद्यात हे नवीन नाही.

आज त्याच उपटायला आलोय.
एप्रिल. मेनमधला चिखल, घोट्याच्या वर.
बर्फ उतरलं की जमीन आतून दगड वर ढकलते;
वेल्डन ट्रॅस्क म्हणतो, या पिकाला कधी कीड लागली नाही.
त्याच्या शेवटच्या एकतीस गायी गेल्या त्याला दोन वर्षं झाली.
अजून पहाटे चारला उठतो,
आणि उठून काय करायचं हे पाचपर्यंत ठरत नाही.

पैसे गावाने जमवले.
सफरचंदाचे पाय, सरपणाची सोडत,
शाळेतल्या पोरांचे नाण्यांनी भरलेले कॉफीचे डबे.
नॉर्मा पेलेतिएरने नवऱ्याची बोट विकली;
तो गेल्यापासून ती ताडपत्रीखालीच होती.
सभेत कुणीतरी विचारलं, घरं झाली नाहीत तर शाळेचा टॅक्स कोण भरणार?
प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर कुणाकडेच नव्हतं.
मग हात वर झाले.
मी मागच्या बाकावर होतो.
माझा हात मांडीवरच राहिला,
बिल्डरकडून बिल यायचं होतं.

हलीमो मुक्तार रबरी बूट घालून आली,
वाकली, ढेकूळ फोडलं, वास घेतला,
थोडी माती जिभेवर ठेवून थुंकली.
वेल्डन गप्प बघत राहिला.
त्याचा बापही असंच करायचा, म्हणाला, पण पुष्कळ वेळाने.

जुब्बा नदीकाठचा मका ती पिशवीतून घेऊन आलीय.
या देशात तिने तीनदा माती तयार केली,
भाड्याच्या तुकड्यांवर, शेणखत घालून घालून,
आणि तीनदा मालकाला ती माती आवडू लागली.
म्हणून ती कागदावर बोट ठेवून विचारते,
किती वर्षं?
तिची मुलगी शुक्री दस्त वाचते:
ही जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कशालाही, कायम.
हलीमो तो शब्द पुन्हा म्हणायला लावते.
मग: कायम म्हणजे किती?

वकील खाकरला.
वेल्डनने दगडी बांधाकडे हात केला.
माझ्या पणज्याच्या बापाने रचला, म्हणाला,
तोही कायमच म्हणाला होता.
मी बोललो नाही, पण जुने दस्त मी वाचलेत.
पहिल्यात लिहिलंय: ओसाड जंगल.
ज्यांनी खालच्या नदीला नाव दिलं
त्यांची सही एकाही पानावर नाही.

चतुःसीमा जुन्या दस्तातून घ्यायची होती.
पूर्वेस ओढा. दक्षिणेस रस्ता. पश्चिमेस बांध.
उत्तरेस कुऱ्हाडीची खूण केलेला मेपल,
तिथून दगडांच्या ढिगापर्यंत.
मेपल कधीच गेला.
ढीग सापडला, काटेरी झुडपात, कमरेएवढा.
मी यंत्र लावून उभा असताना
हलीमो आपल्या वाफ्यातला एक दगड पोटाशी धरून आली
आणि तिथेच टाकून गेली.
तिला सोयीची जागा दिसली, इतकंच.
मी आकडे पुन्हा घेतले.

संध्याकाळी खुंट्यांची मोळी बांधली.
शुक्रीने विचारलं, याचं काय करणार?
टोमॅटोला आधार लागेल, मी म्हणालो.
फिती काढू नकोस, ती म्हणाली, पाखरं घाबरतील.

मोजल्या. एकशे अकरा.
पुन्हा मोजल्या.
एक अजून आत कुठेतरी आहे.
वेल्डन म्हणतो, थांब, पुढच्या एप्रिलात
जमीन स्वतःच वर काढेल.